पोचल्याचा फोन

माझा नवरा अरुणाचलात छोटं विमान चालवतो. ज्या दोन विमानतळांमध्ये त्याच्या फेऱ्या असतात, त्यांच्यातलं अंतर डोंगरातल्या रस्त्याने दोन दिवसांचं आहे, हवेतून जेमतेम पस्तीस मिनिटांचं. ती पस्तीस मिनिटं इथे सासूबाई आणि मी ओट्यावर फोन ठेवून भाजी निवडत बसतो.

उतरला की तो आधी आईंना फोन करतो. "पोचला हो माझा मुलगा," असं त्या मला शेजारणीला सांगावं तसं सांगतात. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी दर वेळी माझ्या पोटात दुखतं.

आज मटार सोलून झाले तरी दोन्ही फोन गप्प होते. मग माझा वाजला.

"पोचलो. टायर फुटला, विमान दरीच्या तोंडाशी थांबलं. आईला सांगू नकोस." त्याचा आवाज कापत होता.

फोन ठेवला तर आई माझ्याकडेच बघत होत्या.

"आज आधी तुला?"

"हो ना."

"माझाही फोन चालूच आहे की." त्यांनी मटारांचं ताट स्वतःकडे ओढून घेतलं.

टायरचं त्यांना कळू नये म्हणून मी चांगली मिरवल्यासारखी हसले.