ओलं नाव

आळेफाट्याच्या हॉटेलात प्राचीने चहाचे कप बाजूला सारले आणि टेबलावर पेटी उघडली. आत लालभडक गिटार होती. संघर्षने दोन्ही हात पँटला पुसले आणि मगच ती उचलली.

चौदा वर्षं तो हार्ड रॉक वाजवत होता. आजही लोणीहून सकाळच्या एसटीने निघाला होता, नाशिकच्या कार्यक्रमासाठी; प्राचीला भेटायला वाटेत इथे उतरला होता. आणि तिची मुंबईची कंपनी त्याच्या नावाची गिटार बाजारात आणणार होती. त्याच्या ओळखीतल्या एकाही वादकाच्या वाट्याला हे आलं नव्हतं.

त्याने एक सूर छेडला. अॅम्प्लिफायर नव्हता, तरी लाकूड छातीशी गुरगुरलं. बोटं आपोआप पळायला लागली. शेजारच्या टेबलावरचा ड्रायव्हर मिसळ खायचा थांबला. ही आता परत द्यायची नाही, असं बोटांनीच ठरवून टाकलं.

मग खुंट्यांजवळची सोनेरी सही त्याला दिसली. इंग्रजीत होती. सॅम.

"ह्यो सॅम कोण?"

"तुम्हीच, सर." प्राची हसली. "बाहेरच्या देशांत विकायची आहे ना. संघर्ष त्यांना म्हणता येत नाही. आणि आपल्याकडेही... वरच्यांना ते नाव जरा मोर्चातलं वाटतं."

"मोर्चातलंच हाय. वडलांनी मोर्चातनं घरी येऊन ठेवलं."

"फक्त गिटारवर सॅम, सर. घरी तुम्ही संघर्षच."

"घरी मला बाळ्या म्हणत्यात, मॅडम. संघर्ष बाहेरच्यांसाठीच ठेवलंय."

प्राचीने मान खाली घातली. "मी तुमच्यासाठी भांडले तिथे. नाही म्हणालात तर दुसऱ्याला देतील. पुन्हा विचारणार नाहीत."

संघर्षने अर्धवट राहिलेला तुकडा शेवटपर्यंत वाजवला, एकही सूर न गाळता. बाहीने गिटारवरचे बोटांचे ठसे पुसले, ती पेटीत ठेवली आणि कड्या स्वतःच लावल्या.

"गिटार लई भारी हाय," तो म्हणाला. "सॅम भेटला की त्याला द्या."

रस्ता ओलांडून तो ट्रक रंगवणाऱ्या सोपान पेंटरकडे गेला. पाठीवरच्या पिशवीतून त्याने आपली जुनी काळी गिटार काढली आणि बाकड्यावर आडवी ठेवली.

"नाव काढायचंय. संघर्ष भागुजी भालेराव. मराठीत."

सोपानने वीत टाकून पाहिली. "मावत न्हाई, भाऊ. अक्षर बारीक करू का?"

"बारीक नको. लांबून वाचता आलं पायजे."

"मग आडनाव कडेवरनं मागल्या अंगाला जाईल."

"जाऊ द्या."

सोपानने पिवळा रंग घेतला. शेवटचं अक्षर काढून होतंय तोवर नाशिकची एसटी लागली. गिटार पिशवीत घालायची सोय नव्हती. संघर्षने ती दोन्ही हातांनी कोऱ्या कडांना धरली, छातीपासून जरा लांब, अक्षरं बाहेरच्या बाजूला. एसटीच्या दारात माणसं दाटून उभी होती. कुणी हलायला तयार नव्हतं.

"सरका," तो म्हणाला. "नाव ओलं हाय."