मलकापूर यार्ड

कोल्हापूर रेल्वेनं समुद्राशी जोडण्याचं काम आजवर एकाच माणसाला जमलं. उदयसिंहानं ते घरात, बनियनवर बसून केलं. कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून तो संगणकावर रेल्वेचा खेळ खेळत होता. त्यात रूळ, स्टेशनं, बंदरं आपली आपण उभी करता येतात. त्यानं कोकणात बंदर बांधलं, क्रेनला गंज चढवला, आणि घाट चढून आलेल्या मालगाड्यांचं मागचं जादा इंजिन सोडवायला मलकापूरला सहा रुळांचं यार्ड टाकलं. उपग्रहाच्या नकाशावरून झाडन् झाड जागच्या जागी लावलं. खोटं काही खपायचं नाही त्याला.

त्याचे सासरे आण्णा मलकापूरजवळच्या गावाहून लेकीला तांदूळ द्यायला आले, तेव्हा पडद्यावर हेच यार्ड होतं. एरवी जावयाला ते 'काय उद्योगपती' म्हणून हाक मारत. आज चष्मा पुसून वाकले.

"ही आमची हीर की ओ! ह्यो फणस! आनि ह्ये रूळ आमच्या माळातनं चाललंत?"

"व्हय."

"मंजूर झालं म्हना की, पावणं!"

पावणं. लग्नानंतर पहिल्यांदाच. पूर्णिमा आत चहा टाकत होती. हा खेळ आहे, एवढंच सांगायचं होतं. उदयसिंहानं आवाज खाली आणला.

"अजून जाहीर न्हाय. कुणाला बोलू नका."

आण्णा कुणालाही बोलले नाहीत. रेल्वेच्या वाटेत नुसतं रान असलं तर भरपाई किरकोळ, पक्कं घर असलं तर भरभक्कम, असं तालुक्यात सगळेच धरून चालतात. आण्णांनी रस्त्याकडेचं शेत विकलं, दोन्ही म्हशी विकल्या, आणि जिथं बैलगाडीलाही वाट नाही अशा माळावर दुमजली घर उठवलं.

वास्तुशांतीला पाहुणे चिखल तुडवत आले. सासूबाई पिशवीतल्या दुधाचा चहा गाळत होत्या. पूर्णिमानं नवऱ्याला कोपऱ्यात गाठलं.

"अवो, आण्णांना काय खूळ लागलंय? हितं कोण ऱ्हानार?"

"असंल त्यांचं काहीतरी डोक्यात," उदयसिंह म्हणाला आणि त्यानं आणखी एक जिलेबी घेतली.

आण्णांनी त्याला हळूच मागच्या अंगाला नेलं. "बरोब्बर मधी बसलंय न्हवं, पावणं?"

उदयसिंहानं विहीर बघितली, फणस बघितला, अंदाज घेतला. "तिसऱ्या आनि चौथ्या रुळाच्या मधोमध."

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. उदयसिंहानं मोबाइल काढून घराचे चारही बाजूंनी फोटो घेतले. हे फोटो वर साहेबाकडं जाणार, असं आण्णांना वाटलं. ते टोपी सरळ करून दारात उभे राहिले.

"जरा बाजूला व्हता का? भिंतीचा रंग दिसंना झालाय."

घरी येऊन त्यानं आण्णांचं घर यार्डात बसवलं. तोच पिस्ता रंग, तीच गॅलरी, जोत्यावरचा चिखलही तोच. फक्त मालगाडी एका भिंतीतून शिरून दुसऱ्या भिंतीतून बाहेर पडत होती. त्यानं इंटरनेटवर टाकलेलं यार्ड उतरवून घेऊन खेळणारे लोक लिहू लागले, 'बाकी सगळं अगदी खरं वाटतं, पण घरातून गाडी? पटत नाही.'

उदयसिंहाच्या ते फार मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी बसून त्यानं अख्खं यार्ड ओढ्यापलीकडं सरकवलं.

आण्णांचं घर वाचलं.