तीन खांब, दोन साखळ्या

नवऱ्याच्या जहाजावरून चार दिवस फोन नव्हता, आणि सासूबाई चर्चच्या वेदीसाठी क्रोशाची लेस विणत निवांत बसल्या होत्या. मला राग येत होता, त्याहून जास्त नवल वाटत होतं. त्यांचे ओठ सारखे हलत होते.

शेवटी विचारलंच, "आई, कुठली प्रार्थना म्हणता?"

"प्रार्थना कसली? टाके मोजतेय. तीन खांब, दोन साखळ्या." सुई थांबली नाही. "मोजताना दुसरं काही डोक्यात येत नाही. तू करून बघ."

मी सुई घेतली. दहा टाक्यांतच मन जहाजावर गेलं आणि दोरा गुंतला. त्यांनी तो सोडवून दिला.

पाचव्या दिवशी फोन आला. जहाजावरचं नेटवर्क बंद पडलं होतं; तो ठणठणीत होता. मी धावत सांगायला गेले. सासूबाईंनी क्रूसाची खूण केली, चष्मा पुसला आणि लेस खिडकीच्या उजेडात धरली. मग दोरा ओढून सगळी उसवू लागल्या.

"अहो आई, हातभर झालीय की!"

"चार दिवसांत एकही ओळ बरोबर आलेली नाही गं," त्या म्हणाल्या.