सातवी तारीख

"घाई करू नकोस. खाचेत चाकूचं टोक घाल आणि झाकण अलगद उचल," अनंतरावांनी चौथ्यांदा सांगितलं. हल्ली त्यांचे हात थरथरायचे, म्हणून त्यांच्या मनगटी घड्याळाचा सेल बदलायचं काम बायकोच्या, मंदाकिनीबाईंच्या गळ्यात पडलं.

"अहो, दुकानात देऊन मोकळे होऊ या ना," त्या करवादल्या.

"पंधरा वर्षं मी घरीच बदलतोय. घड्याळवाल्याची पायरी कधी चढलो नाही."

झाकण टणकन उडालं. आतल्या बाजूला चौकातल्या खटावकरांच्या घड्याळाच्या दुकानाचं नाव बारीक कोरलेलं होतं आणि खाली त्याच अक्षरात सेल बदलल्याच्या सहा तारखा.

बाईंनी झाकण त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. अनंतराव पंख्याकडे बघू लागले.

बाईंनी सेल बसवला. मग सुई घेऊन सातवी तारीख कोरली आणि पुढे दाबून लिहिलं, 'घरी'.