कंसातला आक्रोश

भिंगारच्या स्टुडिओत जुना काऊबॉय सिनेमा मराठीत डब होत होता. पडद्यावर गोऱ्या हिरोनं आदिवासींची वस्ती पेटवली, एक आई मेलेलं लेकरू घेऊन त्याच्यासमोर बोलत राहिली. मला तिचा आवाज द्यायचा होता. स्क्रिप्टमध्ये कंसात एवढंच: आक्रोश. "सर, बाई बोलतीय. ओठ बघा." "मूळ सिनेमातही तिच्या ओठांवर नुसतं रडणंच लावलंय, वाक्य नाही, सगुणा. नुसतं रड, नाहीतर उद्यापासून येऊ नको," डबिंग करून घेणारे गंधारसर म्हणाले. जामखेडकडं आमची पारध्यांची पालं जाळली, तेव्हा आई जाळणाऱ्यांची नावं तासभर सांगत होती. पेपरात आलं, 'महिलांनी आक्रोश केला'. माईक सुरू झाला. मी रडले नाही. "घर तू जाळलंस, लेकरू तू मारलंस, आन् रानटी आमी व्हय?" सर ओरडले, "थांब! अगं, अशानं हिरोच खुनी वाटतो!" "हायेच त्यो खुनी. लावा परत, बाईचं बोलणं राहिलंय."