शाळेचा टाय

लुईस स्कॉलरशिपवर शिकलेल्या इंग्लंडमधल्या बोर्डिंग स्कूलला माजी विद्यार्थ्यांची चरित्रं छापायची होती. त्याची लेक क्रिस्टा, व्हिटबी गावातल्या त्यांच्या घराच्या बॅकयार्डात लॅपटॉप घेऊन बसली. लुईस दुधीचा वेल मांडवावर चढवत होता. “डॅड, शाळेच्या जुन्या रेकॉर्डमध्ये ग्रँडपा जमीनदार आहेत. साउंड्स ग्रेट! तेच ठेवू?” “खोड ते. माझा बाप वसईच्या बाजारात टोपली घेऊन बसायचा. मी तसंच सांगितलं तर वर्ग हसला, मास्तरांनी परस्पर जमीनदार लिहिलं. तू भाजीवाला लिही.” “पीपल विल रीड इट, डॅड.” “वाचू देत की!” “बरं. शाळेचा टाय घातलेला फोटोही हवाय.” लुईसने बेसमेंटमधून टाय आणला. गळ्यात न घालता वेलाभोवती घेऊन मांडवाच्या काठीला बांधला. कोवळ्या शेंड्याला काचणार नाही अशी, बापाने शिकवलेली गाठ मारून. “काढ फोटो. माझं तोंड नाही आलं तरी चालेल, गाठ दिसली पाहिजे.”