मोकळी वाट

“वाट मोकळी ठेवा. पायात येईल असं काही नको घरात.” आप्पांच्या कपाळाला टाके घालता घालता डॉक्टरीणबाई लेकीला म्हणाल्या होत्या.

लेकीने ते जरा जास्तच मनावर घेतलं. आज सकाळी कामावर जाण्याआधी तिने आणि जावयाने मिळून मधल्या खोलीतलं टेबल, दोन खुर्च्या, बुटकं कपाट, सगळं जिना उतरून खाली नेऊन ठेवलं. मग आप्पांचे दोन्ही हात धरले.

“आप्पा, आता परत पडायचं नाही. शब्द द्या मला.”

आप्पांनी दिला.

घड्याळाने चारचे ठोके दिले तेव्हा ते स्वयंपाकघरात होते. पाण्याची बाटली भरून झाकण घट्ट लावलेलं, गोळी सदऱ्याच्या खिशात, जिथे सुतारकाम करताना पेन्सिल असायची. नजर गेल्यापासून घरातलं हे एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं. पलीकडच्या खोलीत पत्नी कंपवाताने अंथरुणाला खिळलेली. चारची गोळी लांबली की तिचं अंग आवळत जाई, आणि मग घोटही गिळता येत नसे.

ते निघाले. तिसऱ्या पावलाला हात सवयीने टेबलाच्या कडेकडे गेला. कडा नव्हती. पुढे खुर्चीची पाठ असायची, तीही नव्हती. त्यांनीच घडवलेल्या वस्तू त्या. आप्पा त्या कधी घट्ट धरत नसत. नुसतं बोट लागलं की पुरे, आपण सरळ उभे आहोत हे अंगाला कळायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनाच ते आत्ता समजत होतं.

अंग एका बाजूला झुकलं. सावरायला ते वळले, आणि तिथेच चुकलं. आता स्वयंपाकघर कुठे, पत्नीची खोली कुठे, काही कळेना. आणि जिना? इतकी वर्षं जिन्याच्या तोंडाशी ते टेबलच आडवं असायचं.

“अहो, निघालात ना?” आतून आवाज आला.

“निघालो की.”

“मग पोचा. एवढ्याशा घरात वाट चुकलात की काय?”

“तुझ्या लेकीने मैदान करून ठेवलंय इथं. तू बोलत राहा, आवाजावर येतो.”

“काय बोलू?”

“काहीही. माझ्या चुका सांग. संध्याकाळपर्यंत पुरतील.”

ती हसली आणि लग्नानंतर केलेल्या पहिल्या स्टुलापासून तिने सुरुवात केली. डुगडुगायचं ते. पण रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता; चारी भिंतींतून चार बायका बोलत असल्यासारखा. आप्पांनी एक पाऊल टाकलं, परत घेतलं. जन्मभर ओळंब्याची दोरी सोडून दाराच्या चौकटी सरळ उभ्या केल्या. आज स्वतः उभे आहोत की कललोय, ते सांगता येत नव्हतं.

“...आणि ते कपाट... ते...” तिची जीभ जड झाली. मग शब्द थांबले. नुसता श्वास ऐकू येऊ लागला, तोही चारी बाजूंनी.

“ऐकतेस ना?”



आप्पांनी देवाचं नाव घेतलं. बाटली सदऱ्यात खोचली, आणि हळूहळू गुडघे टेकले. मग तळवे. फरशीची एक सांध बोटाला लागली. सरळ होती. कुठे जाते ते ठाऊक नव्हतं.

“पडायचं नाही, शब्द दिलाय,” ते पुटपुटले आणि रांगत निघाले. दर वेळी आधी एक हात पुढे करून, जमीन अजून आहे ना, ते थोपटून बघत.